अं अंगाऱ्याचा

लातूर
२१ ऑगस्ट २०२४

शरणु शरणार्थ, आत्याबाई.

"तुझा आवाज मला ऐकायचा न्हाई," असं सांगून तुम्ही रिक्षात बसलात. अक्षर बघायचं नाही, असं काही म्हणाला नाहीत. म्हणून लिहितेय. फोन केला की वन्सं उचलतात, तिकडून तुम्ही मान हलवत असणार, आणि त्या बिचाऱ्या "अव्वा झोपलीय" म्हणतात. सकाळी अकराला? बावीस वर्षं एका घरात राहिलेय मी तुमच्यासोबत. कागद मात्र तुम्हाला टाळता येत नाही. किराण्याची पुडी सोडली तरी आधी तुम्ही कागद वाचता आणि मग साखर डब्यात ओतता.

तुम्हाला उदगीरला लेकीकडे जाऊन आज नऊ दिवस झाले. तुमचे चिरंजीव एसटीच्या वर्कशॉपातून घरी आले की आधी तुमच्या पलंगाकडे बघतात, मग माशांच्या टाकीकडे, मग माझ्याकडे. परवा म्हणाले, "टाकी गच्चीवर नेऊ गं. अव्वाचा शब्द बी राहील, तुझे मासे बी राहतील." मेकॅनिक माणूस! इकडचा नट तिकडं बसवला की गाडी चालू होते, असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, गच्चीवर ऊन आहे, कावळे आहेत, शेजारची मांजर आहे. टाकी हॉलमध्येच राहील.

जाताना तुम्ही त्यांना बजावलंत, "ते घरात हाय तोवर मी न्हाई." 'ते' म्हणजे काय, हे तुम्ही कधी बोलत नाही. सत्तर वर्षांत तो शब्द तुमच्या जिभेवर आला नाही. बेकरीत केक घ्यायचा तरी तुम्ही दुकानदाराला विचारता, "ह्यात ते न्हाई ना?" आणि तो बिचारा लाडूपासून बिस्किटापर्यंत सगळ्याची शपथ घेतो. मी मात्र लिहिणार आहे. अंडी, आत्याबाई. माशाची अंडी. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी, मधाच्या रंगाची, काळ्या पाटीवर ओळीनं चिकटवलेली. कुणी ती तळणार नव्हतं, कुणी खाणार नव्हतं.

हे मासे मी बाजारातून आणले नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. धर्माबादची तनुजा नीटच्या तयारीला आपल्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिली. तिला नांदेडला मेडिकलला नंबर लागला तेव्हा रडवेली होऊन टाकी आपल्या हॉलमध्ये ठेवून गेली. "काकू, हे दोन एंजल मासे होस्टेलला चालत नाहीत. तुम्ही सांभाळा." तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोरीची आठवण म्हणून राहू दे. रुपेरी अंगावर काळे पट्टे, वरखाली लांब पर, आणि चालणं असं की जणू लग्नात नऊवारी सांभाळत फिरणाऱ्या बाया. तुम्ही पण बघत बसायचा. मग एक दिवस त्यांनी अंडी घातली, आणि तुम्ही पलंगाचं तोंड फिरवून घेतलंत.

मुलगी पुण्याला शिकायला गेल्यावर माझ्या हाताला दुपारचं काम उरलं नव्हतं. या घरात मीठ कुठं असावं, पोळपाट कुठल्या खिळ्याला टांगावं, हे सगळं मी येण्याआधीच ठरलेलं होतं. मी ते मान खाली घालून शिकले, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण टाकी कुठं ठेवायची, हे मी ठरवलं. पाणी किती बदलायचं, कितपत कोमट ठेवायचं, हे मी शिकले. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत मुरवायचं, मग फिल्टरचं पाणी निम्मं घालून ते नरम करायचं. हा एक कोपरा माझा आहे. तो कुणाच्या रुसण्यानं मी रिकामा करणार नाही.

त्या श्रावण सोमवारी तुम्ही टाकीत विभूती टाकलीत. मग मी जे बोलायचं ते बोलले.

औषधाची डबी वन्संच्या कपाटात खालच्या फळीवर ठेवायला सांगा, तुमचा हात वर पोचत नाही.

तुमची,
सिंधु


लातूर
४ सप्टेंबर २०२४

आत्याबाई,

वन्सं म्हणाल्या, पत्र दोनदा वाचून तुम्ही वचनांच्या पुस्तकात ठेवलं. उत्तर दिलं नाहीत. चालेल. मी अजून लिहीन.

माझं लग्न होऊन महिना झाला तेव्हाची गोष्ट. माझी पाळी आली आणि मी माहेरच्या सवयीनं मागच्या दाराशी पोतं टाकून बसले. आमच्याकडं तीन दिवस बाजूला बसायची चाल होती. तुम्ही आलात, पोतं पायानं सारलंत आणि माझा हात धरून मला सरळ चुलीपुढं उभं केलंत. "अंगावर इष्टलिंग हाय ना? मग इटाळ कसला?" शेजारच्या दोन बाया दारात होत्या. त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं बोललात. त्या दिवशी मी ठरवलं, ही बाई कितीही रागावली तरी हिला उलटून बोलायचं नाही. बावीस वर्षं पाळलंय मी ते.

आता मी तुम्हाला विचारते. बाईच्या रक्ताचा विटाळ नाही, मेल्याचं सुतक नाही, बाळंतपणाचं नाही, आणि राजगिऱ्याएवढ्या अंड्याचा विटाळ? हे कुठल्या वचनात आहे ते पान मला काढून दाखवा. मी त्याच दिवशी टाकी गच्चीवर नेते.

दुसरी गोष्ट. ती मी वर्षभर लपवली, आज सांगून टाकते. टाकीतलं जुनं पाणी मी फेकत नाही. आठ-आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात पाणी फेकायला मी काय वेडी आहे? ते सगळं मी परसातल्या बेलाला घालते. मागच्या वर्षी तो बेल वाळायला लागला होता, आठवतंय? आणि यंदा पानं हाताएवढी झाली म्हणून तुम्ही गल्लीभर कौतुक केलंत. रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन त्यावर जे बेलपान तुम्ही वाहता, ते माशांच्या पाण्यावर वाढलंय. इतके दिवस देवाला चाललं. तुम्हाला का चालू नये?

आणि पाटी. ती तुम्ही ओळखली होती, मला माहीत आहे. ह्या माशांना उभ्या गुळगुळीत दगडावर अंडी घालायला आवडतं. घरात तसं काही नव्हतं. माळ्यावर तुमची पाटी होती. चौकट काढून, तीनदा उकळून मी ती टाकीत तिरकी उभी केली. तुम्हाला विचारलं नाही. त्या पाटीवर मी तुम्हाला अक्षरं शिकवली होती, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दुपारची भांडी झाल्यावर. भालकीकडच्या तुम्ही, बोलायला कानडी-मराठी दोन्ही पक्क्या, आणि सही म्हणून अंगठा. अंकलिपीत 'अं' पुढं अंड्याचं चित्र होतं. तुम्ही त्यावर अंगठा ठेवून म्हणालात, "अं अंगाऱ्याचा." मी म्हटलं, आत्याबाई, पुस्तकात दुसरं आहे. तुम्ही म्हणालात, "पुस्तक चुकलंय." आणि अंगठा काही उचलला नाहीत. न विचारता पाटी घेतली, हे माझं चुकलं. ते मी मान्य करते.

पण सोमवारचं नाही. शनिवारी संध्याकाळी अंडी घातली होती. दोन्ही मासे त्यांच्यापुढून हलत नव्हते, पाळीपाळीनं परांनी वारा घालत होते, खराब झालेलं एखादं तोंडानं उचलून बाजूला टाकत होते. मी मिक्सर लावला नाही, पाटा काढून चटणी वाटली. सोमवारी सकाळी स्वामी प्रसादाला यायचे होते. तुम्ही पूजा आटोपून उठलात, विभूतीची गट्टी, ती पांढरी वडी, हातात, आणि तिची चिमूटभर पूड पाण्यात सोडलीत. मी चुलीपाशी होते, दारातून पाहिलं. पंगत बसली तेव्हा सगळी अंडी पांढरीफटक पडली होती. एकूण एक.

तेव्हा मी काय बोलले ते तुमच्या चिरंजीवांनी वन्संना सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगितलं नसणार. मीच लिहिते. पंगतीत अकरा माणसं होती, स्वामी होते. मी हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "आयुष्यभर मुंगी वाचवून चालणाऱ्या बाईनं आज तीनशे जीव मारले."

खोटं नव्हतं ते. विभूती म्हणजे राख, राखेनं पाणी बिघडतं, हे मी वाचलंय. राग आला होता, आला तर आला. मला पण येऊ शकतो.

मासे पुन्हा पाटी घासायला लागलेत. म्हणजे आठवडाभरात घालतील. या वेळी जवळ कुणी जाणार नाही.

सिंधु


लातूर
१७ सप्टेंबर २०२४

आत्याबाई,

आज मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी, हे घरी आहेत, झेंडावंदन करून आले आणि पंप उघडून बसलेत. मी हे लिहिण्यासाठी तीन दिवस धीर गोळा करत होते.

अंडी गेल्या मंगळवारी घातली. टाकीजवळ कुणी गेलं नाही. तीन बाजूंनी मी पेपर चिकटवला होता. विभूती नव्हती, राख नव्हती, आवाज नव्हता. पाण्यात निळं औषधसुद्धा दोन थेंब घातलं होतं, बुरशी लागू नये म्हणून. गुरुवारी सकाळी सगळी अंडी पांढरी होती.

मग नांदेडला तनुजाला फोन लावला. मंगळवारी संध्याकाळी मी मोबाईलवर शूटिंग केलं होतं, ते तिला पाठवलं. ती ज्यांच्याकडून माशांचं खाद्य घेते ते धम्मानंद म्हणून एक आहेत. झेडपीत नोकरी, आणि घरात बारा टाक्या. एंजलच्या पिल्लांचं त्यांना सगळं कळतं. तनुजानं ते शूटिंग त्यांना नेऊन दाखवलं, आणि त्यांनी तिथूनच मला व्हिडिओवर घेतलं.

"ताई, अंडी किती व्हती?" त्यांनी विचारलं.

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "पाचशे-सहाशे तरी असतील."

ते हसले. मग सांगायला लागले. मादी पाटीवरून वर जाते, अंडी लावत जाते. नर तिच्या मागून जातो, तो अंडी लावत नाही, त्या अंड्यांत जीव घालतो. "तुमच्या इथं दोघंबी अंडी लावून राहिलेत. नीट बघा. ह्या दोघी बाया हायत, ताई. टाकीत नर न्हाईच."

बाहेरून बघून नर-मादी ओळखू येत नाहीत म्हणे ह्या माशांत. अंडी घालताना पोटाखाली बारीक नळी बाहेर येते, तिचं टोक बोथट की टोकदार एवढ्यावरूनच कळतं. नर नसला तर कधीकधी दोन माद्या जोडीनं राहतात. पाटी घासतात, अंडी घालतात, राखण करतात. सगळं करतात. पिल्लू मात्र होत नाही.

म्हणजे श्रावणातल्या त्या अंड्यांत जीव नव्हताच, आत्याबाई. शनिवारी नव्हता, सोमवारी नव्हता. तुम्ही विभूती टाकली असती काय आणि नसती काय, ती पांढरीच पडणार होती. तुम्ही तीनशे जीव मारले नाहीत. एकसुद्धा नाही. मी अकरा माणसांत, स्वामींच्या समोर, जे बोलले ते खोटं होतं. माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मला माफ करा.

हे मी त्या अकरा जणांना पण सांगितलंय. स्वामींच्या मठात परवा जाऊन आले. बाकीच्यांना घरोघर गेले, कुलकर्णींच्या गल्लीपर्यंत. दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. "दोन माद्या कळल्या नाहीत व्हय?" म्हणे. हसू देत. मला कळलं नव्हतं हे खरं आहे.

आता हेही लिहिते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी नमले. माफी मागितली ती बोलण्याची. टाकीची मागितलेली नाही. धम्मानंद म्हणाले, त्यांच्याकडं खात्रीचा नर आहे. मी तो आणणार आहे. या घरात अंडी होणार आहेत, आणि या वेळी जीव असलेली होणार आहेत.

रोज त्या दोघींना बघते. एकच पाटी, दोघींना हवी. एकमेकींना ढुशा देतात, तोंडाला तोंड लावून ओढतात, एक कोपऱ्यात गेली की दुसरीला करमत नाही, तीही तिथंच जाते. हे म्हणाले, "ह्या दोघी कुणासारख्या हायत, ओळख बघू." मी लाटणं दाखवलं. पण हसू मला पण आलं.

आठवण येते तुमची. सांगून टाकते.

सिंधु


लातूर
८ ऑक्टोबर २०२४

आत्याबाई,

तुमचं पत्र आलं. तीन ओळी. मी उभ्यानंच वाचलं.

'विभूती मारायला टाकली न्हवती. तुझी लेक झाली तवा कपाळाला लावली तशी टाकली. किती दिवस असतात ते.'

शेवटी प्रश्नचिन्ह नाही. तुम्हाला प्रश्नचिन्ह मी शिकवलंच नव्हतं बहुतेक.

माझी लेक झाली तेव्हाचं मला सगळं आठवतं. नर्सनं तिला पुसून आणलं, दूध पाजायच्याही आधी तुम्ही कनवटीची पुडी सोडलीत आणि अंगठ्यानं तिच्या कपाळाला विभूती लावलीत. कुणीतरी म्हणालं, मुलगी झाली. तुम्ही म्हणालात, "मग? कपाळ सारखंच असतंय." तोच अंगठा तुम्ही त्या सोमवारी टाकीवर धरला होता. अंडी दिसल्यापासून जिच्याकडं पाठ करून बसलात तिच्याकडं त्या दिवशी पहिल्यांदा आपणहून गेलात, आणि मी चुलीपासून ओरडले. आत्याबाई, मला रात्रीचं जेवण गेलं नाही. ह्यांनी विचारलं काय झालं, तर मी पत्र पुढं केलं. त्यांनी वाचलं, चष्मा पुसला, आणि उठून टाकीचा पंप बघायला लागले. पंप चांगला चालू होता.

तुम्ही हे त्याच दिवशी का बोलला नाहीत? मी खोटी पडेन म्हणून? की स्वामींसमोर सुनेचा शब्द खाली पडू नये म्हणून? मला राग येतोय तुमचा. गप्प राहून निघून जाणं सोपं असतं. बोलून घरात राहायचं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. अडीच दिवस. फार तर तीन. आज संध्याकाळी घातली की परवा त्यांत बारीक काळे ठिपके दिसतात. तिसऱ्या दिवशी सकाळी कवच फुटतं आणि शेपट्या वळवळायला लागतात. मग अंडी नाहीत, पिल्लं. आणखी पाच दिवसांनी ती पोहायला लागतात.

म्हणजे तीन दिवस. तुम्ही मला कधी तीन दिवस बाजूला बसू दिलं नाहीत. मीसुद्धा कुणाला बसू देणार नाही. अंडी असताना उदगीर आणि पिल्लं झाल्यावर लातूर, असं तुमच्या मनात असेल तर ते मला चालणार नाही. यायचं तर केव्हाही या.

नर आणला. रविवारी मी एकटी नांदेडला जाऊन आले, साडेतीन तास जाताना, चार येताना. पाण्याची पिशवी स्टीलच्या डब्यात, डबा मांडीवर, वर माझा पदर. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय डब्यात?" मी म्हटलं, "जावई." सगळी गाडी हसली. धम्मानंदांच्या आई, धुरपताबाई, तुमच्याच वयाच्या. मी जाण्याआधी तनुजाला विचारून घेतलं होतं त्यांनी, मला काय काय चालत नाही ते. मला वाढताना म्हणाल्या, "घोर करू नका, भाजीची कढई नवी हाय." मी म्हटलं, जुनी पण चालली असती. तुम्ही असता तर तुम्हीही हेच म्हणाला असता, मला खात्री आहे.

धम्मानंदांनी एकच बजावलं. अंडी असताना मोठा आवाज नको. दार आपटलं, कुकरची शिट्टी झाली, कुणी ओरडलं, की हे मासे बिचकतात आणि आपलीच अंडी खाऊन टाकतात. "घरात बाळंतीण हाय असं समजून वागा," म्हणाले.

नराचं एकीशीच जमेल, दुसरीला तो मारेल, म्हणून दुसरीसाठी निराळी टाकी आणली. ह्यांनीच स्टँड वेल्डिंग करून दिला. एक टाकी काढा म्हणाला होता ना तुम्ही? आता दोन झाल्यात. दुसरी तुमच्या पलंगाच्या उशाशी आहे, कारण विजेचा बोर्ड तिथंच आहे. पलंगाचं तोंड कुठंही फिरवलंत तरी मासा दिसणारच.

तुमची,
सिंधु


लातूर, हॉल
१९ नोव्हेंबर २०२४, मंगळवार, दुपार

आत्याबाई,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तुम्ही माझ्यापासून चार हातांवर बसला आहात.

परवा रविवारी संध्याकाळी अंडी घातली. नर मागून फिरताना मी डोळ्यांनी पाहिला. काल फोनवर वन्संना सांगितलं, मुद्दाम सांगितलं, अव्वाच्या कानावर घाला म्हणून. बुधवारी सकाळपर्यंत अंडी आहेत, मग नाहीत. बुधवारी मतदान. तुमचं नाव लातूरच्या यादीत आहे आणि तुम्ही आजवर एक मत चुकवलेलं नाही, म्हणून ह्यांनी ठरवलं होतं की बुधवारी दुपारी गाडीनं आणायचं, बोट रंगवायचं. तोवर पिल्लं झाली असती आणि कुणाचाच शब्द मोडला नसता. सगळं जुळून येत होतं.

आणि तुम्ही आज अकराच्या एसटीनं आलात. एकट्या. वन्संचा फोन तुमच्याआधी आला. "मी सांगितलं गं तिला, अजून ते हाय म्हणून. 'ठाव हाय' म्हणाली आन पिशवी भरली." दार मी उघडलं. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. चप्पल काढलीत, पाय धुतलेत, कपाळाला विभूती लावलीत, आणि पलंग सोडून टाकीपुढच्या खुर्चीत बसलात, पिशवी मांडीवरच. कामावर निघालेले हे दारातून म्हणाले, "अव्वा, मताला उद्या जायचंय." तुम्ही म्हणालात, "उद्याची गर्दी मला जमत न्हाई." लातूरला यायला उदगीरहून बुधवारी कसली गर्दी असते, हे मी विचारलं नाही.

माझ्याशी अजून बोलला नाहीत. आवाज ऐकायचा नाही हे अजून पाळताय, तर मीही पाळते. म्हणून कागदावर लिहून पुढं सरकवलं, 'चहा ठेवू का?' तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि मान हलवलीत. मी चहा ठेवला. तुम्ही तो बशीत ओतून टाकीकडं बघत प्यालात. मग चष्मा पुसून पुन्हा लावलात आणि काचेला नाक टेकवलंत. पाटीवर सात-आठ अंडी पांढरी आहेत, बाकीची सगळी मधासारखी. प्रत्येकात ठिपका आहे. मी सकाळी मोजायला बसले होते, दोनशेच्या पुढं हरवले.

बराच वेळ तुम्ही पाटीच्या वरच्या कोपऱ्याकडं बघत होता. तिथं चौकटीच्या खिळ्याचं भोक आहे, आणि त्याखाली खिळ्यानं कोरलेलं 'ना'. तुमच्या नावाचं पहिलं अक्षर. तुम्हीच कोरलं होतं, चुकून पुसलं जाऊ नये म्हणून. मी उकळताना ते पाहिलं होतं आणि तरीही पाटी वापरली. मादी आत्ता बरोबर त्याच अक्षरापुढं उभी राहून वारा घालतेय.

एवढं लिहिलं, तेवढ्यात हे कामावरून जेवायला आले, दार ढकललं, आणि सवयीनं दारातूनच ओरडले, "सिंधु, पाणी आलं का गं नळाला?"

मासे दचकले. मी उठायच्या आत तुम्ही खुर्चीतून मागं वळलात, एक हात काचेवर, दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं बघून बोललात. तीन महिन्यांनी. काय बोललात ते वेळेसकट इथं लिहून ठेवते, कारण उद्या तुम्ही नाकबूल कराल आणि पुस्तक चुकलंय म्हणाल. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. साक्षीला तुमचे चिरंजीव.

"त्याला सांग, हळू बोल म्हणावं. अंडी हायत घरात."